मेमसाहेबांची सर्दी

सुभेदार मानसिंगरावांनी पाटी रंगवून घेतली तेव्हा कऱ्हाडच्या शेती-प्रदर्शनाला अजून बराच अवकाश होता. पाटी मोठी झोकदार झाली होती. एका बाजूला मान ताठ केलेली पांढरी कोंबडी, दुसऱ्या बाजूला तिच्याहून थोडंसं मोठं अंडं, मध्ये 'सुभेदार पोल्ट्री फार्म, मलकापूर', आणि खाली तांबड्या अक्षरांत 'प्रदर्शनातील ढालीचे मानकरी'. ढाल मिळायची होती. पेंटर जोतीरामानं ब्रश वरच्या वर धरून भीत भीत विचारलं, "सुभेदार, ही खालची ओळ निकालानंतर टाकली तर?"

"लढाईला निघालेला गडी हरायच्या बोलीनं निघतो व्हय रं?" सुभेदार म्हणाले. जोतीरामानं मुकाट्यानं ओळ पुरी केली. मग पाटी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर गेली.

एवढी घाई करायला कारण होतं. बहात्तरचा दुष्काळ हटला आणि सुभेदार पेन्शनीत निघून घरी आले. उसाचं रान भावांकडे होतंच. तेव्हा काहीतरी नव्या पद्धतीचं करावं म्हणून त्यांनी घरामागं पत्र्याची शेड मारली, खाली भाताचा तूस पसरला आणि पांढऱ्याशुभ्र लेगहॉर्न कोंबड्या आणून सोडल्या. गावाला हे पचलं नाही. त्यांचा चुलतभाऊ भाऊसो चौकातल्या केशकर्तनालयात रोज दाढीला बसायचा. तोंडाला साबण असताना तो सगळ्यात जास्त बोलायचा. "देशाची राखण करत हुता," तो म्हणे, "आता अंडी राखतोय." हे सुभेदारांच्या कानावर आलं. ते तडक चौकात गेले आणि भरल्या दुकानात म्हणाले, "भाऊसो, यंदाची ढाल माझ्या कोंबड्या आणतील. न्हाई आणली तर ह्या चौकात पुन्हा पाय ठेवणार न्हाई."

आता चौकात पाय न ठेवता मलकापुरात राहणं म्हणजे अवघड काम. एस.टी. तिथंच थांबते, पेपर तिथंच येतो आणि जिनदत्त अण्णांचं धान्याचं दुकानही तिथंच. पण शब्द गेला तो गेला.

ढाल आणणारी कोंबडी ठरलेली होती. शालूबाईंनी, म्हणजे सुभेदारांच्या पत्नीनं, तिचं नाव मेमसाहेब ठेवलं होतं. पिसांवर डाग नाही, तुरा एका बाजूला तोऱ्यात कललेला, आणि चालताना पाय असा उचलून टाकायची की जमीन स्वच्छ आहे की नाही याची तिला शंका असावी. सुभेदार रोज सकाळी शेडची पाहणी करत आणि मेमसाहेबांपुढं आले की नकळत टाचा जुळवत.

अशाच एका सकाळी मेमसाहेब शिंकल्या.

कोंबडी शिंकते हे सुभेदारांना ठाऊक नव्हतं. त्यांनी आधी मागं वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. मग मेमसाहेब पुन्हा शिंकल्या, शेजारची शिंकली, कोपऱ्यातली घरघरली, आणि थोड्याच वेळात सगळी शेड थिएटरात खेळ सुरू व्हायच्या आधी माणसं खाकरतात तशी खाकरू लागली. दोन-तीन दिवसांत डोळे सुजले, नाकातून पाणी वाहू लागलं आणि अंडी निम्म्यावर आली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. सुभेदारांची सगळी नोकरी खेचरांच्या पलटणीत गेली होती, त्यामुळे मलकापुरात त्यांना जनावरांच्या दुखण्यातलं सगळं कळतं असा समज होता. वास्तविक त्या पलटणीत ते पगाराचे कारकून होते. खेचराशी त्यांचा संबंध कागदावरच आला. पण हा समज त्यांनी पसरवला नव्हता आणि खोडूनही काढला नव्हता. आता पंचाईत झाली. म्हशीला काही झालं की शेजारीण धोंडुबाई त्यांनाच विचारायला यायची. त्यांनी कुणाला विचारायचं?

विचारावं लागलंच नाही. न विचारता सगळे आले. धोंडुबाईनं ओव्याची धुरी द्यायला सांगितली. धुरीनं कोंबड्यांच्या आधी सुभेदारच खोकत बाहेर आले. भाऊसोनं कॅन्टीनची रम पाजायला सांगितली आणि आधी ती चांगली आहे का हे बघायची तयारीही दाखवली. सुभेदारांनी त्याला फाटकाबाहेर घालवलं.

शेजारचे जिनदत्त अण्णा आले ते मात्र फाटकाशीच थांबले. अण्णा मूळचे सांगलीकडचे, जैन, धान्याचे व्यापारी. शेजार चांगला होता, पण अंडं हा शब्द त्यांनी आजवर तोंडातून काढला नव्हता. सुभेदारांच्या उत्पन्नाला ते 'तुमचा तो माल' म्हणत. शेडकडे पाठ करून ते म्हणाले, "सुभेदार, सकाळी पूजेला बसलो की घरघर ऐकू येते. जीव तळमळतो बघा. तुमच्या त्या मालाचं काय व्हायचं ते होऊ दे, पण ह्या जीवांना डॉक्टरला दाखवा."

सुभेदारांना हे पटलं. त्यांनी मेमसाहेबांना टोपलीत बसवलं, टोपली सायकलच्या पुढं बांधली आणि कऱ्हाडचा जनावरांचा दवाखाना गाठला. बाहेर बैल, म्हशी आणि त्यांचे मालक रांगेत उभे होते. कोट-टोपी घालून कोंबडी घेऊन उभा असलेला माणूस त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला. एकजण म्हणाला, "पावनं, दवाखान्यापरीस मसाला सोपा पडंल." सुभेदारांनी समोरच्या बैलाच्या शेपटाकडे नजर लावली आणि नंबर येईपर्यंत ती हलवली नाही.

डॉक्टर तरुण होता, नुकताच लागलेला. "काय होतंय?"

"शिंकतीया."

मेमसाहेबांना टेबलावर ठेवलं. डॉक्टर थांबला, कंपाउंडर थांबला, दारातून दोन म्हशीवाले डोकावले. मेमसाहेब शिंकेनात. घरून निघाल्यापासून वाटभर शिंकत आलेली ती बया टेबलावर चार पावलं डौलात चालली, बसली, आणि सगळ्यांच्या देखत तिनं अंडं घातलं. दारातले म्हशीवाले हसून हसून खाली बसले.

डॉक्टर मात्र हसला नाही. त्यानं तिचा सुजलेला डोळा बघितला, छातीला कान लावला. "श्वासाच्या नळीची लागण दिसतेय. पण नक्की कशाची ते आत बघितल्याशिवाय कळायचं नाही. एखादी मेलेली कोंबडी आणा."

"मेलेली न्हाई."

"एकही नाही?"

"एकबी न्हाई," सुभेदार छाती काढून म्हणाले.

"मग अडचण आहे," डॉक्टर म्हणाला. "मेलेली असती म्हणजे बरं झालं असतं."

सुभेदारांना हा अपमान वाटला. इतक्या कष्टानं जिवंत ठेवायच्या आणि सरकारनं वर ही अपेक्षा करायची. "एखादी आपणच मारून आणा की," कंपाउंडरनं मार्ग सुचवला. सुभेदारांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो फडताळात औषध शोधू लागला. औषध तिथं नव्हतंच. शेवटी डॉक्टरनं अंदाजावरच पिवळ्या पावडरचं नाव लिहून दिलं आणि बजावलं, "ही पिण्याच्या पाण्यातून द्यायची. शिंपल्यांचा चुरा खायला घालता तो औषध संपेपर्यंत बंद. आणि मी सांगेपर्यंत अंडी खायची नाहीत, विकायची नाहीत. औषध अंड्यात उतरतं. मेलेली सापडली तर लगेच घेऊन या."

पावडर कऱ्हाडात मिळाली नाही. जिनदत्त अण्णांचा मेहुणा सुकुमार, त्याचं सांगलीत औषधाचं दुकान होतं. अण्णांनी चिठ्ठी दिली आणि सुभेदार एस.टी.नं सांगलीला गेले. सुकुमारानं सवयीनं विचारलं, "पेशंट मोठा की लहान?" सुभेदार म्हणाले, "शेडभर." असो. संध्याकाळपर्यंत पावडर मलकापुरात आली.

आता खरी चूक इथं झाली. डॉक्टरनं पाण्यातून सांगितलं होतं हे सुभेदारांनी शालूबाईंना बरोबर सांगितलं. शालूबाईंनी पिवळ्या पावडरकडे पाहिलं, मग शेडमधल्या पाण्याच्या भांड्यांकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचं माहेर औंधाकडचं, घर पैलवानांचं. त्या घरात गोळी असो, काढा असो, वर पेलाभर दूध गेल्याशिवाय औषध पोटात गेलं असं कुणी मानत नसे.

"आवं, आजारी जीवाला नुस्तं पानी?" त्या म्हणाल्या. "त्यात चुराबी बंद केलासा. मग हाडाला काय? ह्या काय वाऱ्यावर पडल्यात व्हय?"

सुभेदारांनी विचार केला. डॉक्टर सरकारी. तो गोरगरिबांच्या बेतानं पाणीच सांगणार. ज्याच्या दारात दुभती म्हैस उभी आहे त्यानं पाणी पाजलं तर लोक काय म्हणतील? "बरोबर हाय तुझं," ते म्हणाले. "आपल्या घरात आल्यात, आपल्या घरासारखं झालं पाहिजे."

तेव्हापासून शालूबाई सकाळी म्हशीचं धारोष्ण दूध घेत, त्यात पाणी घालून सारखं करत, पिवळी पावडर ढवळत आणि भांडी भरत. कोंबड्या दुधावर तुटून पडल्या. सुभेदारांना ते बघून भरून आलं. त्यांनी चौकात जाऊन, अजून जाता येत होतं तोवर, सगळ्यांना ऐकवलं, "आमच्या कोंबड्या औषध दुधातनं घेतात."

झालं. दुसऱ्याच दिवशी तालमीतली पोरं भांडी घेऊन दारात. दूध पिणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात काय ताकद असेल, हा हिशेब त्यांनी केला होता. सुभेदारांनी हात जोडून सांगितलं की औषध चालू आहे, अंडी विकायची नाहीत. कुणाचा विश्वास बसेना. भाऊसो म्हणाला, "सुभेदार सोताच खातोय. गालावर बघा की तेज आलंय."

खाणं सोडाच, सुभेदार सकाळी उठून अंड्यांची टोपली घेऊन कुंपणाकडेला जात, खड्डा घेत आणि एकेक अंडं फोडून पुरून टाकत. स्वतःच्या हातानं वाढवलेली वस्तू पुरताना त्यांचा जीव तुटत असे. हुकूम म्हणजे हुकूम. पण कुंपणापलीकडं धोंडुबाईचा गोठा होता. तिला दिसलं ते एवढंच, की सुभेदार तोंडानं काहीतरी पुटपुटत तिच्या गोठ्याशेजारी अंडी पुरतोय. पुटपुटत ते अंड्यांची माफी मागत होते, पण हे तिला कसं कळावं? नेमकी त्याच सकाळी तिच्या म्हशीनं लाथ मारून चरवी सांडली होती.

"करनी केली माझ्या म्हशीवर!" धोंडुबाईनं गल्ली गोळा केली. सुभेदार हातात खोरं घेऊन सगळ्यांच्या मधोमध उभे. जन्मात कुणी त्यांना असं बोललं नव्हतं. "आवं, आमी देवाधर्माची मानसं," ते म्हणाले. "ही औषधाची अंडी हायत. कुणाच्या पोटात जाऊ नयेत म्हणून पुरतोय."

"मग म्हशीनं लाथ का मारली?"

सुभेदारांनी खोरं खाली ठेवलं. शेवटी जिनदत्त अण्णा पुढं झाले. त्यांनी आजवर न उच्चारलेला शब्द उच्चारणं टाळलंच, पण म्हणाले, "धोंडुबाई, तो माल मातीत जातोय, कुणाच्या तोंडात न्हाई. माझ्या मतानं सुभेदार जन्मात पहिल्यांदाच त्याचा बरोबर उपयोग करत्यात." यावर लोक हसले आणि प्रकरण मिटलं. धोंडुबाईनं मात्र गोठ्याच्या दाराला लिंबू बांधलंच.

एवढं सोसून कोंबड्या बऱ्या व्हाव्यात की नाही? झाल्या नाहीत. दूध संपत होतं, पावडर संपत आली, प्रदर्शन जवळ आलं, आणि शेडमधली घरघर होती तशीच. मेमसाहेबांचा तुरा फिका पडला. त्या एका कोपऱ्यात मान आखडून बसल्या आणि सुभेदारांनी टाचा जुळवल्या तरी डोळा उघडेनात. शालूबाईंनी देवापुढं उदबत्ती लावली. सुभेदारांना पहिल्यांदाच वाटलं की ढालीचं राहू दे, ही जगू दे. ते डॉक्टरला घेऊन आले.

डॉक्टर फटफटीवरून उतरला, शेडमध्ये वाकून शिरला आणि भांड्यांपाशी थांबला. "हे पांढरं काय?"

"दूध," शालूबाई अभिमानानं म्हणाल्या. "घरच्या म्हशीचं हाय. इकतचं न्हवं."

डॉक्टरनं डोक्याला हात लावला. "अहो वहिनी, दुधात चुना असतो, कॅल्शियम! ही पावडर चुन्याला धरून बसते, रक्तात उतरतच नाही. म्हणून तर शिंपल्यांचा चुरा काढायला सांगितला मी. इतके दिवस तुम्ही कोंबड्यांना नुसतं दूध पाजलंत. कुणी सांगितलं होतं हे?"

शालूबाईंचा चेहरा एकदम उतरला. हातातली चरवी त्यांनी पदराआड केली. माहेरची सगळी रीत, घरचं सगळं दूध, रोज पहाटेची धावपळ, आणि शेवटी हे. फाटकाशी अण्णा होते, भाऊसो होता, धोंडुबाई कुंपणावरून मान काढून होती.

सुभेदार पुढं आले. कारकुनीच्या साऱ्या नोकरीत ते इतके ताठ कधी उभे राहिले नसतील. "हुकूम माझा हुता, डॉक्टर," ते म्हणाले. "तिनं बजावला. दोष द्यायचा तर मला द्या."

शालूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात ताकात मीठ जास्त पडलं तरी सुभेदारांनी कधी दोष अंगावर घेतला नव्हता.

नवी पावडर आली, आणि आता ती स्वच्छ विहिरीच्या पाण्यातून गेली. शालूबाई भांडी भरताना पुटपुटत, "घ्या बायांनो, सासुरवास हाय, चार दिवस सोसा." कोंबड्यांनी सोसलं. घरघर कमी झाली, डोळे उघडले, आणि एका सकाळी मेमसाहेब शेडच्या मध्यावर येऊन पाय उचलून चालू लागल्या. सुभेदारांनी टाचा जुळवल्या. मेमसाहेबांनी मान वळवून एका डोळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि तुसात पाय घातला. शालूबाई पदर तोंडाला लावून रडल्या. एकही कोंबडी मेली नव्हती.

पण डॉक्टर आला तो वेगळंच सांगत आला. "छान झालं. पण यंदा प्रदर्शनाला न्यायच्या नाहीत. वरून बऱ्या दिसल्या तरी आत लागण राहते. तिथं जिल्हाभरच्या कोंबड्या शेजारी शेजारी असतात."

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मेमसाहेब अशा देखण्या दिसत होत्या की बोलायची सोय नाही. भाऊसो मुद्दाम आला. "घेऊन जा की रं," तो म्हणाला. "शिंक न्हाई, काय न्हाई. कोन इचारतंय? ढाल तुझीच हाय, गड्या." हे तो थट्टेनं बोलत नव्हता. सुभेदारांनी टोपली काढली, मेमसाहेबांना आत बसवलं, टोपली सायकलला बांधली आणि पायडलवर पाय ठेवला. माळ्यावरची पाटी त्यांच्या डोळ्यांपुढं आली. चौक आला. मग ते उतरले आणि टोपली सोडू लागले.

"का रं?"

"दुसऱ्याच्या पलटणीत रोग सोडायचा आन् ढाल घेऊन यायचं? तसली ढाल भिंतीला लावली तर भिंत लाजंल."

कोंबडी राहिली. सुभेदार मात्र गेले. कोट घातला, पदकं लावली, आणि शालूबाई, अण्णा यांना घेऊन प्रदर्शनात आपल्या नावाच्या पिंजऱ्याशेजारी उभे राहिले. पिंजरा रिकामा. नेमून दिलेली जागा सोडायची नाही एवढं त्यांना माहीत होतं. लोक यायचे, आत वाकून बघायचे, पिंजऱ्याखालीही बघायचे. "कोंबडी कुठाय?" "आजारी रजेवर," सुभेदार म्हणायचे. लोक हसायचे. पण त्यांतले कोंबड्या पाळणारे होते ते हसून पुढं जाईनात. "शिंकत हुत्या व्हय? आमच्याबी शिंकत्यात." मग सुभेदार सांगू लागले: पिवळी पावडर, विहिरीचं पाणी, चुरा बंद, अंडी मातीत. "आन् दूध?" एकानं विचारलं. सुभेदार घुटमळले. तोच शालूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "दूध मानसांना पाजा. कोंबडीला पाजलं तर औषध उपाशी ऱ्हातंय. आमी करून बघितलंय." दुपारपर्यंत प्रदर्शनातली सगळ्यात मोठी गर्दी त्या रिकाम्या पिंजऱ्याभोवती होती.

साताऱ्याहून आलेले खात्याचे मोठे साहेब फिरत फिरत तिथं आले. "इथं पक्षी नाही, मग गर्दी कसली?"

त्यांच्याबरोबर डॉक्टर होता. तो म्हणाला, "साहेब, ह्या माणसानं मला फार त्रास दिलाय. रोग आल्यापासून ह्यांच्याकडं मी एक मेलेली कोंबडी मागतोय. आजपर्यंत एकही दिली नाही."

साहेबांनी सुभेदारांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. ढाल लोणंदच्या कुणालातरी मिळाली.

परत येताना सुभेदारांनी सायकल आडवाटेनं घातली. चौक टाळायचा होता. पण आडवाटेच्या तोंडावर भाऊसो अर्धी दाढी करून उभा. "तिकडं कुठं? चौकात चहा ठेवलाय." सुभेदार म्हणाले, "शब्द दिलाय, गड्या." भाऊसोनं सायकलचं हँडल धरलं आणि फिरवलं. "शब्द तू मला दिलावतास न्हवं? मग मी सोडला." चौकात माणसं जमलेली होती, कारण एस.टी.नं आलेले अण्णा आणि शालूबाई आधीच पोहोचले होते आणि अण्णांची सगळी हकिकत दोनदा सांगून झाली होती.

दुसऱ्या दिवशी पाटी माळ्यावरून खाली आली. जोतीरामानं ढालीची ओळ पांढऱ्या रंगानं बुजवली आणि ब्रश वर धरून विचारलं, "हितं काय टाकू?"

सुभेदारांनी शेडकडे पाहिलं. शालूबाई पाण्याची भांडी धूत होत्या, मेमसाहेब त्यांच्या पायांत घोटाळत होत्या. सुभेदारांनी ओळ सांगितली. जोतीराम हसला, मग त्यांच्या तोंडाकडे बघून त्यानं हसू आवरलं आणि तांबड्या रंगात ब्रश बुडवला.

पाटी फाटकावर चढली. जिनदत्त अण्णा पूजा आटोपून बाहेर आले. पाटीवर अंडं काढलेलं असल्यामुळं ते तिच्याकडे कधीच बघणार नाहीत, असं सुभेदारांनी धरूनच ठेवलं होतं. अण्णांनी एका हातानं अंड्याच्या बाजूचा डोळा झाकला, दुसऱ्या डोळ्यानं खालची ओळ वाचली, आणि दुकानात गेल्यावर पहिल्या गिऱ्हाइकाला आधी ती म्हणून दाखवली, मग ज्वारी मापली:

'येथे मेलेली कोंबडी मिळणार नाही.'